समाजसेवेला निघताय? आधी टी-शर्टचं बघा

अभिनंदन! कंपनीच्या सीएसआर समितीवर, म्हणजे समाजसेवेच्या समितीवर, तुमची वर्णी लागली. अप्रेझलच्या फॉर्मात ‘समाजासाठी योगदान’ या रकान्यात काय लिहायचं, हा तुमचा प्रश्न तरी मिटला. आता बाकीचे तुमच्या मागे लागतील.

पहिलं काम टी-शर्टचं. गाव आयत्या वेळी ठरवता येतं, टी-शर्टची ऑर्डर पंधरा दिवस आधी द्यावी लागते. रंग असा घ्या की ड्रोनच्या फोटोत माणसं मोजता आली पाहिजेत.

गाव निवडताना गरज बघत बसू नका, रस्ता बघा. हिंजवडीहून निघालेली बस जेवणाच्या वेळी मुळशीतल्या बऱ्याशा हॉटेलाशी लागली पाहिजे. वाटेत जिल्हा परिषदेची शाळा सापडतेच. तिच्या भिंतीवर गेल्या वर्षी दुसऱ्या कंपनीने सूर्यमाला काढली असेल, तर यंदा तुम्ही बाराखडी काढा. मात्र आधी जुना लोगो झाकायचा, मग ‘क’ काढायला घ्यायचा.

शनिवारी शाळा सकाळची असते. तुम्ही ट्रॅफिकमधून सुटून पोचाल तोवर ती सुटलेली असेल. काळजी नको, पोरांना थांबवून ठेवलेलं असतं. बाईंनी स्वागतगीत बसवलंय, ते उभ्यानं ऐका. खिचडीच्या पातेल्याकडे बघत गायल्यामुळे पोरांच्या आवाजात एक आर्तता येते, ती व्हिडिओत फार छान उतरते.

नंतर चहाला मुख्याध्यापक हळूच विषय काढतील. ‘साहेब, लाइटबिल थकलंय, कनेक्शन तोडलंय. मागच्यांनी दिलेले कॉम्प्युटर झाकून ठेवलेत.’ इथे नवखे लोक विरघळतात आणि बिलाचा आकडा विचारून बसतात. तुम्ही मोबाइलमध्ये काहीतरी टिपून घ्या, मान हलवा. लाइटबिलाची फीत कापता येते का? त्यावर लोगो कुठे लावणार? फारच गळ घातली, तर आणखी चार कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर देऊन टाका.

वृक्षारोपण 5 जूनलाच करायचं. पुण्यात पाऊस साधारण 10 तारखेच्या आसपास येतो, तोही शहाण्यासारखा वागला तर. पण पर्यावरण दिन पावसासाठी थांबत नाही, आणि साहेबांचं कॅलेंडर तर नाहीच नाही. टेकडीवरचे खड्डे आदल्या दिवशी मजुरांकडून खणून घ्या. फोटोच्या वेळी मजूर सावलीत बसलेले बरे. रोपं जगली नाहीत तर मन लहान करू नका. पुढच्या वर्षी खड्डे तयार मिळतात.

आता पैशाचं. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. 1 एप्रिल 2014 पासून हे लागू आहे. हे पैसे कंपनीचे. पण उदारपणाचा मान सगळ्यांना मिळावा, म्हणून कर्मचाऱ्यांचाही एक दिवसाचा पगार कापावा. योजना ऐच्छिक ठेवा: ज्यांना द्यायचा नसेल त्यांनी एचआरला मेल करावा, मॅनेजरला सीसी ठेवून. बघा, कसे एकजात दानशूर निघतात! वर देणगीवरच्या करसवलतीची, म्हणजे 80जीची पावती तत्परतेनं वाटा. नव्या करप्रणालीत तिची वजावट मिळत नाही, हे ज्याचं त्याला रिटर्न भरताना कळेल. चेक दारासारखा मोठा, पुठ्ठ्याचा, आणि त्यावर नाव कंपनीचं.

एक खोडा आहे. कर्मचाऱ्यांनी दिलेला वेळ पैशात मांडून सीएसआर खर्चात धरता येत नाही, असं सरकारनं 2021 मध्ये स्पष्ट केलंय. ताळेबंदात नाही तर नाही, अहवालात तर चालतो ना? बसमधले तासही धरा, माणसं समाजासाठीच बसली होती.

लाभार्थ्यांचं गणितही शिकून घ्या. शाळेचा पट 62 असेल, आणि तुम्ही भिंत रंगवली, वह्या वाटल्या, हात धुवायला शिकवलं, तर लाभार्थी 186.

‘उपक्रम उत्साहात पार पडला’ हे पत्र मात्र ऑफिसातूनच टाइप करून न्या, मुख्याध्यापकांनी फक्त सही-शिक्का द्यायचा. आणि न विसरता तीन प्रती काढून न्या. शाळेत प्रिंटर आहे, तुम्हीच दिलाय, पण लाइट नाही.