नताशा भिंतीपाशी उभी असते तेव्हा

नमस्कार. टॉलस्टॉयच्या कादंबरीवर सोव्हिएत दिग्दर्शक सर्गेय बोंदार्चुकने केलेल्या 'वॉर अँड पीस' या सिनेमाबद्दल (१९६६-६७) मी भरभरून लिहिलं, ते तुम्हाला पटलं नाही. तुमचं म्हणणं असं, की सात तास हाताशी असूनही त्याने कादंबरीची नुसती चित्रं काढली. माणसांच्या मनातलं सगळं टॉलस्टॉयच्या पानांतच राहिलं. शिवाय नताशाचा भाऊ निकोलाय आणि आंद्रेयची बहीण मारिया यांचं कथानक कापलं आणि विशीतल्या पिएरचं, म्हणजे नायकाचं, काम चाळिशी ओलांडलेल्या दिग्दर्शकाने स्वतःच केलं.

शेवटचे दोन मुद्दे मान्य. बोगुचारोवोत, म्हणजे मारियाच्या घराण्याच्या जमीनदारीतल्या गावात, शेतकरी मारियाची वाट अडवतात आणि निकोलाय तिथे येऊन पोचतो, त्या प्रसंगावाचून मारिया म्हणजे बापाच्या धाकात पिचलेली मुलगी, एवढंच उरतं. पिएरचं वयही पहिल्या भागात खटकतं. मॉस्को जळायला लागल्यावर मात्र मी ते साफ विसरले.

पण मनातलं पडद्यावर आलंच नाही? नायिका नताशाचा पहिला बॉल, म्हणजे नाचाचा समारंभ, पुन्हा बघा. त्या प्रसंगाचा विषय निघाला की लोक झुंबरांबद्दल बोलतात, रोलर स्केट्स घालून केलेल्या चित्रीकरणाबद्दल बोलतात. मला आठवतो तो तिचा चेहरा. वाद्यं सुरू झालीत, जोड्या समोरून चालल्यात आणि ही भिंतीपाशी उभी. कोणी विचारत नाही. डोळे प्रत्येक येणाऱ्या माणसाकडे आशेने वळतात आणि परत येतात. रडू फुटायच्या बेतात आहे, पण ते कोणाला कळू द्यायचं नाहीये. नताशाचं काम करणारी ल्युदमिला सावेल्येवा मूळची लेनिनग्राडची बॅले नर्तिका. नाचणं हेच जिचं काम, तिला दिग्दर्शकाने इतका वेळ नुसतं उभं ठेवलंय! तिचे पाय किती शिवशिवत असतील ते बघणाऱ्याच्या पायांना कळतं. प्रिन्स आंद्रेय तिला नाचायला विचारायला समोर येतो तेव्हा तिच्या हसण्यात 'कधीची वाट बघतेय मी तुमची' असं काहीतरी होतं, असं टॉलस्टॉयने लिहिलंय. सावेल्येवा एक शब्द न बोलता ते वाक्य म्हणते.

याला मी नुसतं चित्र म्हणू शकत नाही.

कादंबरीतलं काय काय आलं आणि काय राहिलं याची यादी केली तर कुठलाही सिनेमा हरणारच, हो. म्हणून एकच विनंती. चारही भाग नकोत, फक्त दुसरा, 'नताशा रोस्तोवा', पुन्हा बघा. शिकारीनंतर काकांच्या घरी ती नाचते तिथपर्यंत तरी. मग लिहा मला, तेव्हाही तुम्हाला ती लांबचीच वाटली का.