शंभर वर्षं जुना विनोद आणि आमचा सकाळचा कॉल

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लिहूनच टाकते.

सकाळच्या कॉलवर टीममधली सगळ्यात नवी मुलगी डेटा मायग्रेशन, म्हणजे एका सर्व्हरवरचा डेटा दुसऱ्यावर हलवणं, समजावत होती. "हे एवढं मोठंय, एका दमात आत जाणार नाही," म्हणाली आणि एक सीनियर महाशय लगेच, "दॅट्स व्हॉट शी सेड!" म्हणजे 'तीही हेच म्हणाली', साध्या वाक्याला चावट अर्थ चिकटवायचा विनोद. चार-पाच जण खिदळले. तिचा कर्सर स्लाइडवर जागच्या जागी थांबला. मी म्हटलं, "तू बोल गं पुढे." बोलली, पण उरलेलं सगळं भराभर वाचून टाकलं.

नंतर महाशयांना विचारलं तर म्हणे, "अगं, 'दि ऑफिस' बघितलं नाहीस का?"

बघितलंय ना, ती अमेरिकन विनोदी मालिका! २००५ मधल्या एका भागात ऑफिसचा बॉस मायकल स्कॉटला लैंगिक छळाच्या नियमांवरून वरचे लोक समज देतात. तो जाहीर करतो, आता असले विनोद बंद. मग त्याच्या हाताखालचा जिम मुद्दाम तसलं एक वाक्य टाकतो आणि याला राहवतच नाही. तिथे आपण हसायचं असतं ते मायकलला. आमच्या लोकांनी त्यातून शिकून घेतला तो नेमका डायलॉग!

आणि हे काही मायकलचं नाही. १९९२ च्या 'वेन्स वर्ल्ड' सिनेमात आहे. ब्रिटनमध्ये त्याही आधीपासून 'ॲज द ॲक्ट्रेस सेड टू द बिशप', म्हणजे 'नटी बिशपला (बड्या धर्मगुरूला) म्हणाली तसं', चालायचं. कादंबरीकार लेस्ली चार्टरिसचा नायक सायमन टेम्पलर ते येता-जाता म्हणतो. नटी म्हणजे चालू बाई, हे गृहीत धरल्याशिवाय तो विनोद उभाच राहत नाही.

सगळ्यात जास्त त्रास मला १९२९ च्या एका क्लिपने झाला. 'ब्लॅकमेल' सिनेमासाठी दिग्दर्शक हिचकॉक नटी ॲनी ऑन्ड्राच्या आवाजाची चाचणी घेतोय. तिचे उच्चार परके, त्यामुळे पुढे सिनेमात तिचे संवाद कॅमेऱ्याबाहेरून जोन बॅरीने म्हटले. क्लिपमध्ये हिचकॉक शेजारी उभा राहून तिला विचारतो, पुरुषांबरोबर झोपलीयेस का? ती लाजून हसते. मग म्हणतो, जागेवर नीट उभी राहा, नाहीतर बरोबर येणार नाही, 'ॲज द गर्ल सेड टू द सोल्जर', मुलगी सैनिकाला म्हणाली तसं. ती हसत तोंड फिरवते. लोक म्हणतात, बघा, तीही हसतेय. अरे, समोर दिग्दर्शक आहे, कॅमेरा चालू आहे, ती जाणार कुठे? आमची मुलगीसुद्धा आधी किंचित हसलीच होती.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. "मी ते वाक्य वेगळ्या पद्धतीने म्हणायला हवं होतं का?"

हे वाचून राग गेला आणि नुसतं वाईट वाटत राहिलं. सर्व्हरबद्दल बोलताना पोरीने आता प्रत्येक वाक्य आधी तपासून घ्यायचं?

बरं, मान्य, मैत्रिणींमध्ये आम्हीही वात्रटपणा करतो. दादा कोंडक्यांना मीही पोट धरून हसलेय. लावणीतला चावटपणा तर मला मनापासून आवडतो, कारण तिथे बाई स्वतः, तिला हवं तेव्हा, बैठकीच्या डोळ्यात डोळे घालून बोलते. कामाचं बोलणाऱ्या बाईच्या तोंडी दुसऱ्याने काहीतरी कोंबायचं, यात कसली आलीय मजा?

त्यामुळे कमेंटमध्ये 'स्पोर्टिंगली घ्या' लिहू नका. एवढाच लाडका असेल हा विनोद, तर तिमाही बैठकीत सगळ्यात मोठ्या साहेबांच्या वाक्यावर करून दाखवा. मी तरी अजून एकालाही तिथे तोंड उघडताना पाहिलेलं नाही.