हप्ते पुढं ढकलले, पोरंही पुढं ढकलली

कोरोनात कर्जाच्या हप्त्यांना 'सवलत' मिळाली असं ज्यांना अजून वाटतं, त्यांनी आपल्या लोनचं स्टेटमेंट एकदा काढून बघावं. मी काढलंय. लातूरच्या ट्यूशन एरियात माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. मोठं मशीन लोनवर घेतलेलं. मार्च २०२० ला चार लाख बाकी होते. व्याज बारा टक्के, हप्ता साडेअकरा हजार.

२७ मार्चला रिझर्व्ह बँकेनं तीन महिने हप्ते थांबवायची मुभा (मोरॅटोरियम) दिली. मे महिन्यात ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. हप्ता थांबला, पण व्याज चालूच राहिलं. सहा महिन्यांत चार लाखांचे चार लाख चोवीस हजार सहाशे झाले, दुकानाचं शटर खाली असताना. मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, टीव्हीवर चर्चा झाल्या, आणि केंद्र सरकारनं दोन कोटींपर्यंतच्या कर्जाचं 'व्याजावरचं व्याज' आपण भरू असं जाहीर केलं. माझ्या खात्यावर दिवाळीच्या तोंडावर पैसे आले. सहाशे आठ रुपये. हिशोब बरोबर होता, त्याबद्दल तक्रार नाही. चक्रवाढ आणि सरळ व्याज यांतला फरक तेवढाच निघतो. मूळ चोवीस हजार व्याज ज्याचं त्यानं भरायचं होतं.

सप्टेंबर २०२३ ला फिटणारं लोन जुलै २०२४ ला फिटलं. थांबलो सहा महिने, लांबलं दहा महिने, आणि अडतीस हजार जादा गेले.

मेमध्ये वीस लाख कोटींचं पॅकेज आलं. त्यात छोट्या धंद्यांसाठी तीन लाख कोटी बिनतारण. ऐकायला भारी. प्रत्यक्षात काय, तर २९ फेब्रुवारीला तुमच्या नावावर जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या वीस टक्के नवीन कर्ज. म्हणजे मला ऐंशी हजार. गिऱ्हाईक नाही, कॉलेज बंद, क्लास बंद, आणि मदत म्हणून काय, तर अजून एक कर्ज. मी घेतलं नाही. ज्यांनी घेतलं त्यांतले काही तरले, काही त्याच कर्जावर दुकान बंद करून गावाकडं गेले. सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. पण जे केलं ते बहुतेक सगळं पुढं ढकलणं होतं, आणि पुढं ढकललेलं कुणीतरी नंतर भरतंच. कोणी भरलं हे आज कुणी विचारत नाही, म्हणून ही पोस्ट.

मी तरी बँकेच्या वहीत होतो. आमच्या गल्लीत एक मावशी मेस चालवतात. घरातच स्वयंपाक, पोरं जेवायला यायची, काहींचा डबा रूमवर जायचा. त्यांचं कर्ज बचत गटाचं आणि थोडं ओळखीच्या माणसाकडून हातउसनं. हातउसन्याला कसला मोरॅटोरियम? जूनमध्ये फेरीवाल्यांसाठी स्वनिधी योजना आली, दहा हजारांची. मावशी फेरीवाल्या नव्हत्या. घरात चूल पेटवून चाळीस पोरांचं पोट भरणारी बाई कोणत्या रकान्यात बसते? कुठल्याच नाही. तीन मोठी पातेली आणि कणीक मळायचं मशीन त्यांनी त्या वर्षी विकलं. मशीन ज्यानं घेतलं त्यानं निम्म्यालाही घेतलं नसेल, कारण तेव्हा विकणारे सगळे आणि घेणारं कोणी नाही.

बाहेरच्यांना हे कळणार नाही म्हणून सांगतो. लातूरचा हा भाग पोरांवर चालतो. नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, धाराशिवकडची लेकरं अकरावी-बारावीला आणि मेडिकलची नीट परीक्षा परत देणाऱ्यांच्या रिपीटर बॅचला इथं येतात. त्यांच्यावर रूमवाले, मेसवाले, झेरॉक्सवाले, सायकल दुरुस्तीवाले, रिक्षावाले, धोबी, चहावाले. 'लातूर पॅटर्न' म्हणून पेपरात फोटो येतो तो टॉपरचा. त्याच्या मागं ही सगळी साखळी असते. पोरं एकदा गावी गेली की आख्खी साखळी एका दिवसात तुटते. २०१६ ला पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा आम्ही याची झलक बघितली होती. पण पाऊस पडला आणि पोरं परत आली. या खेपेला कशाची वाट बघायची तेच माहीत नव्हतं. २०२१ च्या सुरवातीला जरा गजबज व्हायला लागली, तर एप्रिलमध्ये दुसरी लाट. पहिल्या लाटेत पैसे गेले, दुसरीत माणसं गेली. त्यावर इथं लिहिणार नाही.

तुळजापूरचंही तेच. देऊळ मार्च २०२० ला बंद, दिवाळी पाडव्याला उघडलं, एप्रिल २०२१ ला पुन्हा बंद, ते थेट घटस्थापनेला, ७ ऑक्टोबरला उघडलं. वेरूळ-अजिंठ्याचे गाइड आणि रिक्षावाले २०२० ला मार्चपासून डिसेंबरपर्यंत बसून. ही सगळी रोजच्या गल्ल्यावर जगणारी माणसं, त्यांच्याकडं 'बाकी रक्कम' दाखवायला कर्जसुद्धा नव्हतं.

प्रवासाबद्दल बोलायचं तर आधी छत्रपती संभाजीनगरजवळच्या करमाडचं बोलावं लागतं. जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारी मध्य प्रदेशची माणसं भुसावळला गाडी मिळेल म्हणून रुळाच्या कडेनं चालत निघाली, थकून रुळावरच झोपली. प्रवासी गाड्या बंद होत्या. पण मालगाड्या चालू होत्या. ८ मे २०२० ची पहाट. सोळा जण गेले. माल जायला गाडी होती, माणसाला नव्हती, यापलीकडं मला त्यावर काही म्हणता येत नाही. ऊसतोड कामगारांचंही तसंच. सव्वा लाखाच्या वर लोक कारखान्यांवर अडकलेले, त्यांतले कितीतरी आमच्या बीडकडचे, आणि गावी जायची परवानगी निघाली १७ एप्रिलला. गावात पोचले तर वेशीवर काटे टाकलेले.

एसटी मेमध्ये जिल्ह्यातल्या जिल्ह्यात सुरू झाली, निम्म्या सीटवर. जिल्ह्याबाहेर जायला ऑगस्ट उजाडला. मधल्या काळात ई-पास. त्या पासचे फॉर्म भरून देणं हाच माझा दोन महिन्यांचा धंदा होता. रूममध्ये राहिलेली पुस्तकं, गाद्या, कागदपत्रं न्यायला बाप गावाकडून यायचा, तो खासगी जीपवाल्याला तिकिटाच्या चौपट देऊन. आणि इथं आल्यावर रूममालकाशी भाड्यावरून वाद. दोघंही खरे. मालकानंही बिल्डिंग लोनवरच बांधलेली.

आता ऑनलाइन शिक्षण. आमच्या ओळखीतले काही मास्तर म्हणतात, ऑनलाइनमुळं खेड्यातल्या पोराला चांगला शिक्षक घरबसल्या मिळाला. मिळाला, हे मीही बघितलंय. अभ्यासाची सवय लागलेल्या, घरात स्वतःचा फोन असलेल्या बारावीच्या पोराला रेकॉर्डेड लेक्चर म्हणजे वरदानच. फिजिक्सचा एकच भाग पाच वेळा बघता येतो, सर वैतागत नाहीत. पण तो पोरगा तसाही शिकलाच असता. माझा प्रश्न त्याच्या सहावीतल्या बहिणीचा आहे. घरात फोन एक, दिवसाला दीड जीबी. सकाळी बाप तो फोन घेऊन शेतात. दुपारी भावाचं लेक्चर. तिच्या वाट्याला संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आलेला गृहपाठाचा फोटो, तोही अर्धा कापलेला. खेड्यातल्या पोरांच्या शिक्षणाची देशभर पाहणी करणारा 'असर'चा २०२१ चा अहवाल हेच सांगतो: दोनतृतीयांश मुलांच्या घरात स्मार्टफोन होता, पण त्यातल्याही चारातल्या एकाला तो हातात मिळत नव्हता. आणि रेंज हा वेगळाच विषय. आमच्या मूळ गावात वीज गेली की थोड्या वेळानं टॉवरही जातो. डोंगरावर चढून शिकणाऱ्या पोराच्या बातम्या कौतुकानं छापल्या, त्यात कौतुक काय होतं? टीव्हीच्या सह्याद्री वाहिनीवर लहान पोरांच्या अभ्यासाचं 'टिलीमिली' लागायचं ते उलट बरं होतं, त्याला डेटा लागत नव्हता.

शहाण्या लोकांना एक गोष्ट अजून कळली नाही असं मला वाटतं. मराठवाड्यात पोरींची शाळा फोनमुळं सुटली नाही, गाडीमुळं सुटली. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडल्या. महिना व्हायच्या आत एसटीचा संप लागला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या खऱ्या होत्या, पगार वेळेवर नव्हते, मी त्यांच्या विरोधात नाही. पण पोरींचा फुकट पास एसटीवरच चालतो. पोरींना शाळेत नेणाऱ्या मानव विकास योजनेच्या निळ्या गाड्या डेपोत उभ्या. पोराला बाप मोटारसायकल देतो किंवा तो कुणाच्या मागं बसून जातो. पोरीला कोण पाठवणार? दीड वर्ष शाळा बंद, मग उघडली तर गाडी बंद. आणि मधल्या काळात लग्नं पन्नास माणसांत होत होती. खर्च कमी, मंडप नको, जेवणावळी नकोत. दहावीतल्या किती पोरी त्या दोन वर्षांत उरकल्या, हे प्रत्येकानं आपापल्या भावकीत मोजावं. कमेंटमध्ये 'आमच्याकडं असं नाही' लिहायच्या आधी मोजावं.

२०२१ ला दहावीची परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५ टक्के. परीक्षा रद्द करण्याशिवाय इलाज नव्हता हे मान्य. पण त्या पोरांना पुढच्या वर्षी उभं करायला जे करायला पाहिजे होतं ते कुठं झालं? ती बॅच अकरावीला इथं आली तेव्हा मी काउंटरवर बसून बघत होतो. हुशार होती, हजरजबाबी होती. पण पानभर सलग लिहायचं म्हटलं की घाम फुटायचा. नोट्स झेरॉक्स करायच्या ऐवजी फोटो काढून घेणार, आणि फोटो परत उघडणार नाहीत. (यात माझा स्वार्थ आहे हे माहीत आहे. एक रुपया पान बुडतं. तरी बोलतो.) लहानांचं तर अजून वाईट. 'असर'नुसार तिसरीतल्या पोराला दुसरीचं पुस्तक वाचता येण्याचं प्रमाण देशाच्या ग्रामीण भागात २०१८ ला २७.३ टक्के होतं, २०२२ ला २०.५ झालं. आधीच कमी, त्यात घसरलं. २०२२ ला तिसरीत असलेली ही लेकरं येत्या काही वर्षांत लातूरच्या क्लासच्या रांगेत उभी राहणार आहेत, आणि त्यांचे बाप लाखभर फी भरणार आहेत. बहुतेक कर्ज काढून.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा हिशोब अजून कुणी जुळवलेला नाही. कर्जमाफी मागत नाही. पण वहीत नसलेल्या धंद्यांची, मेस, डबा, शिवणकाम, रसवंती, यांची नोंद तरी नगरपालिकांनी आज करून ठेवावी, संकट आल्यावर नव्हे. तिसरी-चौथीत घसरलेल्या पोरांसाठी सहावी-सातवीत वेगळा तास असावा, आणि तो 'उपक्रम' म्हणून फोटोपुरता नको. आणि पुढच्या वेळी काही बंद करायची पाळी आलीच, तर निळी गाडी सगळ्यात शेवटी बंद व्हावी आणि सगळ्यात आधी सुरू व्हावी.

दुकान कसं चाललंय म्हणून विचारणाऱ्यांसाठी: चाललंय. झेरॉक्स निम्म्यावर आलं, पण जून ते सप्टेंबर नीट आणि सीईटीच्या ॲडमिशनच्या फॉर्मची गर्दी असते. फोटो पन्नास केबीत बसवून द्या म्हणून पोरं रात्री दहापर्यंत थांबतात. मावशींनी मेस परत सुरू केली, आता पोरं कमी घेतात, आणि महिन्याचे पैसे आधी घेतात.