उपाशीपोटीची साखर येते कुठून?

मधुमेहात यकृताचाही हात असतो, या माझ्या लिखाणावर प्रतिक्रिया मोकळेपणाने लिहिलीत, बरं वाटलं. तुमचा मुख्य आक्षेप असा: मधुमेह हा स्वादुपिंडाचा आजार, त्यात यकृताला मी उगाच ओढलं; रात्रभर पोटात काही नसताना सकाळी साखर १६० दिसली तर मशीनच चुकलं असणार, यकृत साखर ‘तयार’ करतं हे पटत नाही.

मशीनची शंका प्रयोगशाळेत रक्त तपासून फिटेल. पण जरा हिशोब करून बघा. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं जेमतेम ४-५ ग्रॅम. एकट्या मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम लागतं, म्हणजे तासाला ५. भर पडली नाही तर रक्तातली साखर तासभरही पुरणार नाही, तरीही आपण रात्रभर शांत झोपतो. ही भर मुख्यतः यकृत घालतं (थोडा वाटा मूत्रपिंडांचाही असतो). यकृतात शंभरेक ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीच्या रूपातलं ग्लुकोज, साठलेलं असतं. स्नायूंमध्ये त्याहून कितीतरी जास्त असतं, पण ते ग्लुकोजच्या रूपात रक्तात सोडण्यासाठी लागणारं एन्झाइम स्नायूंकडे नाही. रात्र सरते तसं यकृत लॅक्टेट, ग्लिसरॉल आणि अमिनो आम्लांपासून नवं ग्लुकोजही बनवतं. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने यकृताचं हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच दाखवून दिलं होतं.

आता स्वादुपिंड. त्याचं महत्त्व मी नाकारलेलं नाही. त्यातून निघालेलं इन्सुलिन आधी पोहोचतं यकृतातच, आणि जवळपास निम्मं तिथेच खर्च होतं. यकृताला ‘आता पुरे’ सांगणारं ते हेच. टाइप २ मधुमेहात यकृत हा निरोप नीट ऐकत नाही, शिवाय ग्लुकॅगॉन (यकृताला साखर सोडायला लावणारं स्वादुपिंडाचंच हार्मोन) उलट बाजूने रेटत असतं. म्हणून उपाशीपोटीही साखर चढते, आणि जेवणानंतर अन्नातल्या साखरेत यकृताचीही भर पडते. स्वादुपिंड पुरेसं इन्सुलिन देऊन ही ओढाताण सावरू शकेनासं झालं की मधुमेह होतो. दोघांना वेगळं काढताच येत नाही. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाचा मुख्य परिणाम यकृताच्या याच साखरनिर्मितीवर होतो, हेही लक्षात घ्या.

‘हे वाचून लोक यकृत साफ करणारी चूर्णं घेतील’ ही तुमची भीती मात्र रास्त आहे, मलाही तीच वाटते. अशा चूर्णाने मधुमेह बरा होत नाही. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने यकृतातली चरबी घटते आणि इन्सुलिनचं काम सुधारतं, हे मात्र खरं.

आणखी एक, कारण तुम्ही रात्रीचं जेवण सोडून बघणार असल्याचं लिहिलंय. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी (स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी) गोळी चालू असेल तर साखर फार खाली जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. मद्य घेत असाल तर त्याहून जपा. मद्य यकृताचं नवं ग्लुकोज बनवणं रोखतं, त्यामुळे उपाशीपोटी प्यायल्यावर काही तासांनी, अगदी झोपेतही, साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. अशा वेळी यकृतातला साठाही संपलेला असेल तर ग्लुकॅगॉनचं इंजेक्शनही फारसं उपयोगी पडत नाही.