पोरीचा बाप कुठी हाय?

इंग्लंडच्या राजघराण्यातल्या लग्नाचा विषय निघाला की आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटावर दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, ज्यांनी वऱ्हाडचा कापूस नेऊन आपल्या गिरण्या चालवल्या त्यांच्या नातवाच्या लग्नाचं कौतुक मराठी चॅनेलनं दिवसभर दाखवायचं, म्हणजे गुलामी अजून अंगातून गेलेली नाही. दुसरी म्हणते, घोडागाडी बघितली, फुलं बघितली, कोणाचं काय गेलं? जुलै 2024 मध्ये मुंबईत अंबानींच्या घरचं लग्न झालं तेव्हाही हीच भांडणं पुन्हा झाली, फक्त नावं बदलली. ‘हेच आता आपले राजे’ असं गटावर कोणीतरी लिहिलं आणि त्यावर रात्रभर चर्चा चालली.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली. लग्नानंतर इंग्लंडला आले, इथेच नोकरी, इथेच मुलं. दोन्ही पार्ट्यांचं मी वाचते आणि वाटतं, तुम्ही बघावं की बघू नये यावर भांडताय. मला विचारायचंय ते पैशाचं.

गुलामीचा मुद्दा मला पटत नाही. आताचे राजे चार्ल्स युवराज असताना 2003 मध्ये मुंबईत येऊन डबेवाल्यांना भेटले, 2005 मध्ये त्यांच्या कमिलाशी झालेल्या लग्नाला दोन डबेवाले आमंत्रणावरून लंडनला जाऊन आले. पुढे 2018 मध्ये चार्ल्सचा धाकटा मुलगा हॅरी याच्या लग्नाला डबेवाल्यांनी नवरी मेगनसाठी पैठणी घेतली आणि हॅरीसाठी फेटा. याला गुलामी म्हणायला माझं मन होत नाही. ही ओळख ठेवायची आपली पद्धत आहे. त्याच लग्नात हॅरी-मेगननं आहेर नको, सात संस्थांना देणगी द्या असं सांगितलं होतं. त्यातली एक मुंबईच्या वस्त्यांमध्ये बायकांच्या पाळीच्या आरोग्यावर काम करणारी होती. आपल्या चॅनेलनी तेवढी बातमी चांगली दिली.

ते लग्न 19 मे 2018 ला विंडसरला झालं. इथे दुपारचे बारा, गावाकडे साडेचार. आई कूलरसमोर बसून टीव्हीवर बघत होती आणि मी फोनवर होते. तिनं सगळ्यात आधी विचारलं, “धोंड्याच्या महिन्यात लगन? यायले कोणी सांगतलं नाही काय?” अधिक ज्येष्ठ तीनच दिवसांपूर्वी लागला होता, गावात त्या महिन्यात एकही तिथी नव्हती. मे महिन्यातलं लग्न लाभत नाही अशी जुनी समजूत इंग्रजांमध्येही आहे हे मी तिला सांगितलं, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं.

दुसरी गोष्ट तिला काही केल्या पटली नाही. किल्ल्याच्या आवारात सामान्य लोकांमधून 1200 जणांना बोलावलं होतं आणि त्यांना कळवलं होतं की तिथे खायला विकत मिळणार नाही, आपापलं जेवण घेऊन या. “बलावलं अन् शिदोरी घेऊन या म्हनलं?” इथल्या पेपरांतही त्यावर टीका झाली. पण आमच्याकडे ही कल्पनाच कोणाला करवणार नाही. घरात दाणा नसला तरी पावण्याला उपाशी पाठवायचं नाही, ही आमची रीत. तिचा मला अभिमान आहे. आणि पोरीच्या बापाच्या मानेवर पाय ठेवला जातो तो याच रीतीच्या आडून, हेही मी डोळ्यांनी बघितलंय.

मग कॅमेरा चर्चच्या पायऱ्यांवर आला. नवरी एकटीच आत निघाली. पुढचं अंतर चार्ल्सनी तिला सोबत केली. आई म्हणाली, “पोरीचा बाप कुठी हाय?”

बाप आला नव्हता. लग्नाच्या आधीचा आठवडाभर इथल्या पेपरांच्या पहिल्या पानावर तोच होता. मेक्सिकोत राहणारा माणूस, एका फोटोवाल्याशी ठरवून काढलेले त्याचे फोटो बाहेर आले, मग हृदयाच्या शस्त्रक्रियेची बातमी, मग येणार, नाही येणार. त्यानं केलं ते चूकच. पण त्याच्या दारावर महिनोन्‌महिने जो फोटोवाल्यांचा पहारा बसला होता तो बसवणाऱ्या पेपरांना फारसा कोणी जाब विचारला नाही. याच घराण्यातली डायना 1997 मध्ये पॅरिसला फोटोवाले मागे लागलेले असताना अपघातात गेली. तेव्हा सगळ्यांनी हळहळ केली, आणि एकवीस वर्षांनी पुन्हा तेच.

या वेडेपणातही इथल्या लोकांनी एक प्रश्न मात्र सोडला नाही: हे पैसे कोणाचे? चर्चमधला विधी, संगीत, फुलं, मेजवानी यांचा खर्च राजघराणं करणार, असं राजवाड्याला जाहीर करावं लागलं. बंदोबस्ताचा खर्च लोकांच्या करातून जाणार, म्हणून सह्यांच्या मोहिमा झाल्या, टीव्हीवर वाद झाले. त्याआधी 2011 मध्ये हॅरीचा मोठा भाऊ विल्यम आणि केटच्या लग्नात मुलीच्या आईवडिलांनी खर्चाचा वाटा उचलला, तेही छापून आलं. रस्त्यावर पताका लावून केक खाणारी माझी शेजारीण हाच प्रश्न तोंडावर विचारत होती, आणि ते कोणाला अपशकुनी वाटलं नाही.

आपल्या चॅनेलवर लेहेंग्याची किंमत येते, पदार्थांची संख्या येते, पाहुणे कोणत्या विमानानं आले ते येतं. ते बघितलेलं वर्षभरात दारव्हा-दिग्रस रोडवरच्या मंगल कार्यालयात उतरतं. मागच्या उन्हाळ्यात मी चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला गेले होते. साक्षगंधालाच पाचशे माणूस झालं होतं. लग्नात ड्रोन, एलईडीचा पडदा, धुराच्या मशीनमधून नवरा-नवरीची ‘एन्ट्री’, पाणीपुरीचा वेगळा स्टॉल. पोरगी सुंदर दिसत होती, सगळे खूश होते.

भाऊ जेवणाच्या काउंटरजवळ हात जोडून उभा होता. नवा पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, खांद्यावर दुपट्टा, येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘जेवले ना भाऊ?’ एवढंच. केटरर आला, त्याच्या कानाशी लागला. ठरल्यापेक्षा प्लेटा वाढल्या होत्या. भाऊनं खिशातून घडी केलेला कागद काढला, बघितला, परत ठेवला आणि पाण्याच्या टँकरमागे जाऊन कोणाला तरी फोन लावला. ड्रोन तेव्हा मांडवावर घिरट्या घालत होता. भाऊ जेवला पाच वाजता, वरातीतली सगळी माणसं जेवल्यावर. तुरीचे आले ते पैसे त्या लग्नात गेले आणि पेरणीसाठी उचललेलं पीककर्जही गेलं. गावात हे सगळ्यांना माहीत आहे. तरी त्याच्यासमोर कोणी बोलत नाही, कारण बोलणं म्हणजे त्याचा अपमान.

इंग्रज फार शहाणे आहेत असं मी म्हणत नाही. इथेही लग्नावर उधळपट्टी होते, लोक कर्ज काढतात. पण ते कर्ज बहुतेक वेळा नवरा-नवरीच्या नावावर असतं, आणि हप्ते तेच फेडतात. शेजारणीच्या मुलीनं नोंदणी कार्यालयात लग्न केलं. साध्या विधीची फी तेव्हा 46 पौंड होती. जवळची माणसं, दोन साक्षीदार, मग पबमध्ये जेवण. याच शेजारणीनं हॅरीच्या लग्नाला घरावर पताका लावल्या होत्या. राजाचं लग्न तिनं हौसेनं बघितलं, पण मुलीचं लग्न तसंच झालं पाहिजे असं तिच्या मनातही आलं नाही, आणि मुलीला कोणी गरीब म्हटलं नाही.

आपल्याकडे हे सांगणारं कोणी नव्हतं असंही नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा गावोगावच्या कीर्तनांतून कर्ज काढून सण-समारंभ करू नका म्हणून जीव तोडून सांगत राहिले. शेतकरी-शेतमजुरांच्या मुलींसाठी सरकारची शुभमंगल योजना आहे, आधी दहा हजार होते, आता पंचवीस हजार मिळतात, आणि ते सामूहिक लग्नासोबत नोंदणी लग्नालाही लागू आहे. तरी नोंदणी म्हटलं की गावात पहिला प्रश्न येतो: पळून गेली काय?

म्हणून माझं गटावरच्या सगळ्यांना म्हणणं आहे, राजाचं लग्न बघा, अंबानींचं बघा, मीही बघते. पण आपल्या गावातल्या लग्नात खर्च अर्धा-अर्धा ठरलाय का, हे साक्षगंधाच्या बैठकीत सगळ्यांसमोर विचारा. मुलाकडच्यांनी विचारलं तर फार बरं. आम्ही परदेशातली माणसं आहेराचे म्हणून जे पाठवतो ते पडद्याला आणि धुराला जाऊ नये, मुलीच्या नावानं ठेव म्हणून बँकेत जावं. मी तरी आता तसंच देणार आहे आणि तसं गटावर लिहिलंय. दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न झालं की आमच्या भावकीत दोन मुलींची लग्नं आहेत. दोघींच्या वडिलांशी मी बोलले. एकानं खर्चाची वाटणी बैठकीत काढायचं कबूल केलं. दुसरा म्हणाला, “बाई, तू तिकडं हाय. मले इथंच राहाचं हाय.” त्याच्याशी माझं बोलणं अजून संपलेलं नाही. आता मुलाच्या वडिलांचा नंबर मागितलाय.