नववीच्या वर्गात बाकं

आमची शाळा मूलकेंद्री, म्हणजे मुलाला मध्यभागी ठेवून शिकवणारी. गेल्या शनिवारी तिथे नववीची पालकसभा होती. चहा झाला, सहलीचा हिशेब झाला, आणि मागच्या रांगेतले एक बाबा उठले. मुलगी बालवाडीपासून आमच्याकडे. माणूस सज्जन, श्रमदानाला सगळ्यांच्या आधी हजर. शाळेचा कंपोस्टचा खड्डा त्यांनीच खणलेला. म्हणाले, "ताई, अकरा वर्षं तुम्ही म्हणाल तसं केलं. आता मात्र शिकवायला लागा." जरा थांबून पुढे म्हणाले, "आणि वर्गात बाकं आणा. दहावीला तीन तास बाकावर बसायचंय. आमचीला मांडी घालून बसायची सवय."

सगळे हसले. मला हसता आलं नाही. अकरा वर्षं आम्ही शिकवतच नव्हतो, असं ते अगदी सहज बोलून गेले होते. मुलं मातीत हात घालत होती, गाणी म्हणत होती, बाजारात जाऊन भाव विचारत होती. ते सगळं गोड होतं, झालं, आता कामाला लागा. रागवावं तरी कुणावर? आमच्याच शिक्षकखोलीत हे मी ऐकलंय. "आठवीपर्यंत ठीक आहे गं, पण नववीत..." आणि पुढचं वाक्य कुणीच पुरं करत नाही.

मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी गणित शिकवते, पाचवी ते दहावी, गेली एकोणीस वर्षं. शाळा मराठी माध्यमाची, विनाअनुदानित, बालवाडी ते दहावी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी. मुलं आम्हाला ताई-दादा म्हणतात. पगाराचं विचारू नका.

मूलकेंद्री शाळा बालवाडीत ओळखू येत नाही, असं माझं आता पक्कं मत झालंय. बालवाडीत सगळेच मूलकेंद्री असतात. चार वर्षांच्या पोराला तुम्ही केंद्रस्थानी ठेवलं नाही, तर ते स्वतःच येऊन मांडीवर बसतं. शाळा ओळखायची ती नववीत. गावात शिरताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फ्लेक्स दिसतात, 'चाईल्ड सेंट्रिक लर्निंग, नर्सरी ते दहावी'. त्यातल्या एका शाळेत माझ्या नात्यातलं एक पोरगं आहे. बालवाडीत वाळूचा हौद, रंगीत भिंती, वाढदिवसाला झाड. सहावीत 'फाउंडेशन बॅच', म्हणजे पुढच्या प्रवेशपरीक्षांची आतापासून तयारी, आणि दर शनिवारी ओएमआर शीटवर गोळे रंगवायचे. वाळूचा हौद अजून आहे, प्रवेशाच्या दिवसांत पालकांना दाखवायला.

मूलकेंद्री म्हणजे 'मुलाला आवडेल ते', हा गैरसमज कुठून आला कोण जाणे. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडला. आदिवासी पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, कारण दिवसभर ती गुरांमागे असत. मग शाळाच कुरणात गेली. कुरणशाळा! गुरं चरताहेत आणि तिथेच शिकणंही चाललंय. लहानग्यांसाठी शाळा अंगणात भरली, तो 'अंगणवाडी' शब्द पुढे सरकारी झाला. या बायकांनी आधी मुलाचा दिवस बघितला. सकाळी उठल्यापासून ते कुठे असतं, कुणाला सांभाळतं, काय खातं. आवडीनिवडीची चर्चा त्यानंतरची. मी नवीन शिक्षकांना पहिल्या महिन्यात एवढंच काम देते: वर्गातल्या पाच मुलांचा दिवस लिहून आणा. निम्मे जण मुलाच्या घरी न जाताच लिहून आणतात, तेही मला कळतं.

काही पालक म्हणतात, हे सगळं परदेशी खूळ. घटकाभर तसं धरू. अमेरिकन शिक्षणविचारवंत जॉन ड्युईने १८९६ साली शिकागो विद्यापीठात सोळा मुलांची शाळा काढली. सुतारकाम, स्वयंपाक, विणकाम आणि त्यातूनच बाकीचे विषय. हाच ड्युई १९०४ साली कोलंबिया विद्यापीठात गेला, आणि १९१३ ते १९१६ या काळात तिथे शिकणाऱ्या एका मराठी विद्यार्थ्याने त्याची व्याख्यानं ऐकली. डॉ. आंबेडकर. जातिव्यवस्थेवरच्या १९३६ सालच्या, प्रत्यक्षात होऊ न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी ड्युईचा उल्लेख आपले शिक्षक म्हणून केलाय, त्यांचं फार मोठं ऋण मानलंय. तेव्हा परदेशी खूळ म्हणताना जरा जपून.

ड्युईच्या शाळेतली एक गोष्ट मला फार आवडते, कारण ती आमच्याकडची वाटते. मुलांसमोर लोकर आणि कापूस ठेवले. प्रश्न असा की माणसाने लोकरीचे कपडे आधी का वापरले, सुती मागून का आले? मुलांनी हाताने सरकी काढायला घेतली. अर्धा तास राबून औंसभरही कापूस निघेना. मग इतिहास सांगायला वेगळी बाई कशाला हवी? सरकी वेगळी करणारं यंत्र आल्यावर जगात काय उलथापालथ झाली असेल, ते बोटांनाच कळलं.

आता खानदेशात कापूस काय परका आहे? दिवाळीच्या आधी वेचणी सुरू झाली की माझ्या वर्गातली चार-पाच मुलं गैरहजर असतात. पूर्वी मी हजेरीपटावर लाल शाई वापरायचे. एका वर्षी सातवीला म्हटलं, येताना कापूस घेऊन या. प्रत्येक गटाला शंभर ग्रॅम, तराजू किराणा दुकानातून मागून आणलेला. सरकी काढा, रुई वेगळी तोला, सरकी वेगळी तोला. पोरांची बोटं दुखली. एकाची आजी वाती वळणारी, तो मात्र चटचट काढत होता आणि त्या दिवशी पहिल्यांदाच वर्गात सगळ्यांच्या पुढे होता. गटांची उत्तरं आली: ३३ ग्रॅम, ३५, ३४, आणि एका गटाची ४१. चाळीसच्या वर कसं, यावर भांडण जुंपलं. एक मुलगा म्हणाला, "ताई, माझे काका जिनिंगला आहेत, ते याला उतारा म्हणतात. क्विंटलला चौतीस-पस्तीस किलो." शेकडेवारी मी त्या दिवशी फळ्यावर लिहिलीच नाही. ती आधीच वर्गात येऊन बसली होती. ४१ वाल्या गटाने शेवटी कबूल केलं की थोडी सरकी रुईतच राहिली होती, कंटाळा आला म्हणून.

अशा तासाला वर्गात आवाज होतो, पसारा होतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला बाई नुसत्या उभ्या दिसतात. खरं तर त्या एका तासासाठी मी चार संध्याकाळी घालवल्या होत्या. पाठटाचण लिहून फळ्यावर उतरवणं त्यामानाने फार सोपं.

पण फक्त गोड गोष्टी सांगून मी सुटणार नाही. एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखं. प्रकल्प कुठलाही असो, गट तिला तक्त्याची शीर्षकं लिहायला द्यायचा. 'आपली नदी', 'आपला बाजार', 'कापूस ते कापड'. ती मन लावून लिहायची, फुलं काढायची, आम्ही भिंतीवर लावायचो, पाहुणे कौतुक करायचे. मी तिच्या नोंदवहीत लिहिलंय, माझ्याच अक्षरात: 'गटकार्यात आनंदाने सहभागी होते. स्वतःच्या गतीने शिकते.' आठवीत एकदा तिला शेजारी बसवून विचारलं, ०.५ मोठं की ०.३५? ती म्हणाली ०.३५, कारण पस्तीस मोठे. चार वर्षं! चार वर्षं ती शीर्षकांच्या मागे लपली होती आणि मी त्याला तिची गती म्हणत होते. घोकंपट्टीच्या शाळेत ती निदान नापास होऊन कुणाच्या डोळ्यांवर तरी आली असती. आमच्या शाळेत ती हसतखेळत मागे राहिली.

त्या दिवसापासून मला एक सवय लागली, ती कितीही उत्साहाचा प्रकल्प असो, मोडत नाही. प्रकल्प संपला की प्रत्येक मुलाशी पाच मिनिटं एकटीने बोलायचं. तीस मुलं, दीडशे मिनिटं. गटाने काय केलं ते तक्ता सांगतो. या मुलाला काय येतं ते तक्ता सांगत नाही. 'प्रयोगशील' म्हणवणाऱ्या आम्हा मंडळींना हा जमाखर्च नकोसा वाटतो, कारण त्यात चाचणीचा वास येतो. आपल्याकडे बाहेरच्या रूपाची नक्कल लगेच होते, हे आतलं काम कुणी उचलत नाही. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटच्या, म्हणजे त्या गटातल्या, जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादावर (मूल आपलं ज्ञान अनुभवातून स्वतः रचतं, या विचारावर) जीव तोडून काम केलं, महाराष्ट्रभरातून शिक्षक बघायला गेले, आणि परत येऊन कित्येकांनी काय केलं, तर शाळेच्या फरशा रंगवल्या.

आता त्या बाबांचा प्रश्न. अशा शाळेतली पोरं पुढे टिकतात का? याचं उत्तर शोधायचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला होता. १९३३च्या सुमारास तीस माध्यमिक शाळांनी आपापला अभ्यासक्रम मोकळा करायचं ठरवलं. अडचण तीच, वरच्या कुलपाची: कॉलेजच्या प्रवेशाच्या अटी. तर सुमारे तीनशे कॉलेजांनी त्या शाळांपुरत्या नेहमीच्या अटी बाजूला ठेवल्या. मग या शाळांतली आणि नेहमीच्या शाळांतली मुलं, वय, घर, बुद्धी असं सगळं जुळवून, १,४७५ जोड्या लावल्या आणि कॉलेजात ती काय करतात ते बघितलं. मोकळ्या शाळांतली मुलं मागे पडली नाहीत, उलट बहुतेक विषयांत किंचित पुढेच होती. परकीय भाषांत तेवढी नाही. आणि ज्या शाळांनी सगळ्यांत जास्त मोकळीक घेतली, त्यांची मुलं चांगलीच पुढे होती. अहवाल आला १९४२ साली, ऐन युद्धात. कोण वाचतंय!

त्यात माझं लक्ष निकालापेक्षा त्या कुलपाकडे जातं. तिथे कॉलेजांनी कुलूप काढलं म्हणून शाळांना मोकळं होता आलं. आमच्याकडे कुलूप कोण काढणार? दहावीचे टक्के, त्यावर अकरावीचा ऑनलाइन प्रवेश, पुढे सीईटी, जेईई, नीट. फलटणच्या कमला निंबकर बालभवनसारखी शाळा मॅक्सीनमावशींनी (मॅक्सीन बर्नसन) १९८६ साली सुरू केली, पुण्यात १९९२ पासून अक्षरनंदन आहे. या शाळा दहावीपर्यंत चालतात आणि मुलं तीच बोर्डाची परीक्षा देतात. म्हणजे कुलूप तसंच ठेवून आत राहायचं हे आपल्याकडे करून दाखवलेलं आहे. फुकट होत नाही एवढंच.

मग आम्ही नववीत काय करतो? गेल्या वर्षीचं सांगते. जानेवारीत मी मुलांपुढे बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा टाकला आणि म्हटलं, हा कापूस आहे असं समजा. तोला. त्यांनी दोन आठवडे घेतले. कुठल्या प्रकरणाला किती गुण, कुठला प्रश्न परत परत येतो, कुठे सूत्र लिहिलं तरी एक गुण मिळतो. मग स्वतः ४० गुणांची प्रश्नपत्रिका काढली, आदर्श उत्तरपत्रिका लिहिली, एकमेकांचे पेपर तपासले. तपासताना पायरीला गुण द्यायचे म्हटल्यावर पायरी म्हणजे काय यावर एवढी चर्चा झाली, तेवढी मी भूमितीच्या सिद्धता शिकवताना एकोणीस वर्षांत ऐकली नव्हती. एका मुलीने विचारलं, "उत्तर बरोबर आलं पण रीत पुस्तकातली नाही, तर?" मी म्हटलं, तूच ठरव, तू परीक्षक आहेस. तिने पूर्ण गुण दिले, आणि खाली एक ओळ लिहिली की मला ही रीत समजावून सांग.

परीक्षेला राक्षस करून मुलांपासून लपवायचं, आणि नववीत अचानक अंगावर सोडायचं, यात कुठलं मूल केंद्रस्थानी आलं? परीक्षाही गावच्या बाजारासारखीच एक गोष्ट आहे. जाऊन बघावी, भाव विचारावे.

हे सगळं मी सभेत बोलले. थोडं अडखळत, कारण ती शीर्षकांवाली मुलगी डोळ्यांसमोर होती. तिची गोष्टही सांगितली, नाव न घेता. मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे जरा बघितलं. ते बाबा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ते ठीक आहे ताई, पण बाकांचं काय?"

बाकांबद्दलही ड्युईने एक अनुभव सांगितलाय. शाळेसाठी योग्य मेजं शोधत तो दुकानं हिंडला, काही केल्या मिळेनात. शेवटी एक दुकानदार म्हणाला, तुम्हाला मुलांनी काम करायला मेज हवंय, आमच्याकडे आहेत ती सगळी ऐकत बसण्यासाठी.

पण बाबांचंही बरोबर आहे. तीन तास उंच बाकावर बसून लिहायचं म्हणजे पाठ, मान, मनगट सगळ्यांनाच सवय असावी लागते. म्हणून बाकं घ्यायची असं ठरलं. सोमवारी मी स्टेशनरोडच्या फर्निचरवाल्याकडे गेले. सुटी, हलकी, दोन मुलांना उचलता येतील अशी पंधरा बाकं सांगितली. त्याने वहीत लिहून घेतलं, पेन्सिल कानामागे लावली आणि विचारलं, "रांगा किती करणार, मॅडम? वर्गाचं माप सांगा, त्या हिशेबाने लांबी ठेवतो."

मी म्हटलं, नववीला विचारून उद्या सांगते.