आयर्विनला किती?

आज संध्याकाळी सासूबाईंना घेऊन ताणमुक्तीच्या व्याख्यानाला गेले होते. वक्ते बाहेरगावचे होते, आवाज गोड, मागे बारीक बासरी लावलेली. दीड तास बोलले, आणि दीड तासाचं सार एवढंच की ताण बाहेर कुठे नसतोच, तो तुम्ही मनात धरून बसता, म्हणून सोडून द्या. शेवटी सगळ्यांना हात वर करायला लावले, मुठी घट्ट आवळायला लावल्या आणि "आता उघडा, गेला ताण" असं म्हणाले. आईंनीही मूठ उघडली. बाहेर आलो, आईंचा एक पाय अजून चपलेत गेला नव्हता, आणि त्यांनी मला विचारलं, "आयर्विनला किती झालं गं?"

तेव्हापासून डोकं तापलंय माझं. जेवायला बसले तरी शांत झालं नाही, म्हणून लिहितेय.

सांगलीकरांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. बाहेरच्या मित्रमैत्रिणींसाठी सांगते. आयर्विन म्हणजे आमचा कृष्णेवरचा 1929 सालचा पूल. पावसाळ्यात नदीची पातळी त्या पुलाजवळ फुटांत मोजतात. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस फूट धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती सत्तावन्न फुटांच्या वर गेली. आम्ही गावभागात, म्हणजे नदीजवळच्या जुन्या सांगलीत राहतो. आमच्या घरात पाणी स्विचबोर्डाच्या वर चढलं होतं. भिंत खरवडून, दोनदा रंग देऊनही दमट दिवसांत ती रेघ अजून पिवळट उमटते. पुन्हा 2021 च्या जुलैत तेच.

त्या पहिल्या पुरानंतर दरवर्षी आषाढ लागला की आमच्या आई झोपत नाहीत. वर धरणांच्या भागात महाबळेश्वरला, नवजाला पाऊस किती, कोयना धरणाच्या पायथा विद्युतगृहातून विसर्ग सुरू झाला का, चांदोली धरणातून वारणेत किती सोडलं, खाली कर्नाटकात अलमट्टी धरणवाले पुढं किती सोडतायत, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. आज नदी पार तळाला आहे हो! तरी रात्री दोन-अडीचला स्वयंपाकघरात फोनचा उजेड दिसतो. दात इतके आवळलेले असतात की सकाळी भाकरीचा तुकडा चावताना कानशील दुखतं. छातीत धडधडतं म्हणून ईसीजी काढला, नॉर्मल. थायरॉइडची गोळी चालू आहे, ते रिपोर्टही ठीक. ज्यांना दाखवलं त्यांनी कागदावरून मान वर न करता सांगितलं, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." अहो, टेन्शन काय दुकानात जाऊन घेतं का कुणी?

मला चीड येते ती या "मनाचे खेळ" म्हणण्याची. जिच्या घरात सत्तावन्न फुटांच्या पुराचं पाणी शिरलं तिला तुम्ही कुठल्या तोंडानं सांगता की बाहेर काही नसतं? त्याच 2019 च्या पुरात 8 ऑगस्टला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावी पुरातून माणसं नेणारी बोट उलटून माणसं गेली, तो मनाचा खेळ होता? धरणातून पाणी कधी सोडायचं, पूररेषेच्या आत बांधकामं कुणी होऊ दिली, हे प्रश्न कुणाच्या मुठीत आहेत? माणसाला आधी बुडवायचं आणि मग श्वासाचे व्यायाम शिकवायचे, हे मला मान्य नाही. यावर कुणी माझ्याशी वाद घालायला येऊ नका.

बरं, एवढं कबूल करते की वक्त्यांचं निम्मं बरोबर होतं. काहीतरी आत असतंच. शेजारच्या काकूंच्या घरातही तेवढंच पाणी आलं होतं, त्या जुलैत घोरतात. मग आमच्या आईंच्या आत असं काय आहे, हे विचारायला हवं होतं. पण ते विचारायला वेळ लागतो, आणि मूठ उघडायला दोन सेकंद.

शरीराचं तर मी आता पुष्कळ वाचलंय. धोका दिसला की मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या त्या इवल्याशा ग्रंथी ॲड्रेनालिन सोडतात, मागून कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक येतं, छाती धडधडते, रक्तात साखर येते, स्नायू आवळतात, पचन मागे पडतं. वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1915 मध्येच हे मांडलं की ही सगळी तयारी लढण्यासाठी नाहीतर पळण्यासाठी असते. उत्तम व्यवस्था आहे. हिच्यामुळेच तर आपण जिवंत आहोत. 2019 ला आईंनी गुडघाभर पाण्यातून कागदांची पिशवी डोक्यावर धरून बाबांना हाताला ओढत बाहेर काढलं, ते हिच्याच जोरावर. पण रात्री अडीचला फोनवर "विसर्ग वाढण्याची शक्यता" वाचल्यावर लढायचं कुणाशी आणि पळायचं कुठे? तयारी होते आणि अंगातच राहते. रात्री खाली यायला हवं ते कॉर्टिसॉल नीट खाली येत नाही, झोप तुटते, आणि तुटक्या झोपेचं अंग दुसऱ्या दिवशी कुकरच्या शिट्टीलाही दचकतं. चोरी होऊन गेलेल्या घरातलं कुत्रं पान हललं तरी भुंकतं, तसं. त्याला "भुंकू नकोस" सांगून काय उपयोग?

पण हे झालं अंगाचं. कुत्रं रात्रभर जागं का राहतं, ते मला गेल्या पावसाळ्यात कळलं. तेही सहज.

मेथी निवडत बसलो होतो आम्ही दोघी. बाहेर रिपरिप चालू. आई नेहमी पानं खुडतात ती अलगद, देठ एका बाजूला, पानं एका बाजूला. त्या दिवशी अंगठ्याखाली अख्खी काडी चिरडत होत्या, बोटं हिरवी झाली होती, आणि त्यांचं लक्षच नव्हतं. मी फक्त एवढंच विचारलं, "आई, त्या रात्री नक्की काय झालं होतं?" सून म्हणून इतकी वर्षं या घरात आहे, पुराच्या गोष्टी शंभरदा ऐकल्यात, कुणाच्या माडीवर गेलो, कुणी पिठलं-भात दिला, सगळं. त्या रात्रीचं मात्र कधीच कुणी बोललं नव्हतं.

बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हे म्हणत होते पाणी चढतंय, सामान वर टाकूया. मीच म्हटलं, 2005 ला उंबऱ्याशी येऊन गेलं, आता काय येतंय, झोपा गुमान. आणि मी झोपले गं. गाढ झोपले. उठले तेव्हा ह्यांची पेटी तरंगत होती."

पेटी म्हणजे बाबांची हार्मोनियम. त्यांच्या वडिलांची. ती गाळातून काढली तेव्हा पट्ट्या फुगून वर आल्या होत्या. बाबा त्यावर एक शब्द बोलले नाहीत, आणि बाबांचं ते न बोलणं आई इतकी वर्षं उशाशी घेऊन जागत होत्या. मी झोपले म्हणून पाणी आत आलं. आता मी जागी राहिले तर येणार नाही. असं स्पष्ट त्यांनी स्वतःशीसुद्धा कधी म्हटलं नसेल, पण अंग त्याच हिशेबानं वागत होतं. माझ्या दृष्टीनं हेच ते आतलं कारण. पाऊस हे नुसतं निमित्त. हे असलं काही आत बसलेलं असताना बाहेरून कितीही बासरी वाजवा.

बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. ऐकू गेलं असावं. आत आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, त्या पेटीचा भाता आधीच फाटला होता. चार-पाच वर्षं वाजतच नव्हती ती. मी कुणाला सांगितलं नाही एवढंच." आई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्यावर जी काही चिडल्या! भाता फाटला तर सांगायला काय झालं होतं, दरवर्षी पुसून ठेवत होते ना मी ती! मी गुपचूप मेथी उचलून आत गेले.

नाही, त्या दिवसापासून आई ढाराढूर झोपायला लागल्या असं काही झालं नाही. आज विचारलंच की "आयर्विनला किती" म्हणून. पण फरक पडलाय, आणि कशानं पडलाय ते सांगते, कारण मागच्या पोस्टखाली पुष्कळ जणींनी विचारलं होतं.

आधी श्वासाचं. "खोल श्वास घ्या" हा सल्ला आईंना बाधायचा. घाबरलेलं माणूस आधीच भराभर श्वास ओढत असतं, त्यात आणखी ओढला की चक्कर येते. खरी गंमत श्वास सोडण्यात आहे. श्वास घेताना हृदय जरा वेगात चालतं, सोडताना मंदावतं. मेंदूतून छाती-पोटाकडे जाणारी व्हेगस नावाची नस ते काम करते. म्हणून सोडणं लांब पाहिजे, मिनिटाला साधारण सहा श्वास इतकं संथ. लोणावळ्याच्या कैवल्यधामात 1924 पासून प्राणायामाचा प्रयोगशाळेत अभ्यास चाललाय, हे आपल्याच महाराष्ट्रातलं काम आहे. पण आईंना मोजून श्वास घ्यायचा कंटाळा. त्यांना उपाय सापडला तो भजनी मंडळात. एक ओळ एका दमात म्हणायची, शेवटचा स्वर लांबवायचा, म्हणजे श्वास आपोआप लांब सुटतो. शिवाय शेजारी दहा बायका, टाळ, आणि नंतर कुणाच्या सुनेचं काय चाललंय त्याच्या गप्पा. मंडळातून आल्या की त्यांचा जबडा सैल असतो. मी बघितलाय.

दुसरं, सकाळी आमराईत चालणं. पाऊस असला तरी छत्री घेऊन. पळायची तयारी करून बसलेल्या पायांना निदान चालू तरी द्या. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की रात्रीची झोपही वेळेवर येते. आणि संध्याकाळी सहानंतरचा चहा बंद केला. यावरून घरात महाभारत झालं, पण चहातलं कॅफीन पाच-सहा तासांनीही अंगात निम्मं उरतं, मग नऊचा चहा अडीचला उठवणारच.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं. जूनमध्ये एकदाच बसून बाबांनी कागदावर लिहिलं: पातळी पस्तीसला गेली की कागदपत्रं आणि औषधं पिशवीत, अडतीसला फ्रीज आणि धान्य माडीवर, चाळीसला आपण सगळे विश्रामबागेत नणंदेकडे. कागद फ्रीजवर चिकटवलाय. आता रात्री जागून ठरवायचं काही उरलंच नाही. जागायचं काम कागदाकडे गेलं.

तेवढं ते जडीबुटीचं मात्र थांबवा. नातेवाइकांनी अश्वगंधाच्या डब्या आणून दिल्या, "नैसर्गिक आहे, काही होत नाही" म्हणून. होतं. थायरॉइडची गोळी चालू असलेल्या बाईनं ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, काहींच्या यकृतालाही त्रास झालेला आहे. नैसर्गिक तर पूरही असतो.

आणि हो, सगळं घरातच सुटतं असंही मी म्हणत नाही. काही जणांना गोळ्या लागतात, समुपदेशक लागतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. छातीत दुखत असेल तर आधी तपासून घ्या, ताण-ताण करत बसू नका. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, रात्रीही चालू असते, मराठीत बोलता येतं. मध्यरात्री कुणाला उठवायचं हा प्रश्न असेल तर तिथं करा फोन.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. त्या वक्त्यांचंही काही वाईट चिंतत नाही मी. मनापासून बोलत होते ते. फक्त पुढच्या वेळी सांगलीत जुलैमध्ये येणार असाल, तर मुठी उघडायला लावण्याआधी पाच माणसांना विचारा की तुमच्या घरात पाणी कुठवर आलं होतं. आणि मग थांबा, ऐकून घ्या.

आता आपल्या गावभागच्या ग्रुपसाठी, कारण ॲडमिन आणि निम्मे मेंबर ही पोस्ट वाचणार आहेत. कोयना फुटली, अलमट्टीचे दरवाजे बंद केले, असले कुठून कुठून आलेले मेसेज पुढं ढकलू नका. पातळी टाकायची तर सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, जलसंपदा विभागाचा आकडा, बस. रात्री दहानंतर ग्रुपवर काही टाकायचं नाही. पाणी खरंच चाळीसकडे निघालं, तर मेसेज नको, सरळ आमच्या घरी फोन करा. मी उचलेन, आईंना उठवायचं की नाही ते मी बघेन. ॲडमिन दादा, हे उद्या पिन करून ठेवा.